पाणाड्याचा नारळ

प्रवीण घोडकेचा नारळ खोटा होता. पाणी मात्र खरं लागायचं.

सोमवार ते शनिवार तो काष्टीच्या एका ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा परिचर होता. परीक्षानळ्या धुवायच्या, ॲसिडच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या, पोरांनी तोडलेले लंबक पुन्हा दोऱ्याला बांधायचे. नोकरी कंत्राटी होती. पगार आला तर महिन्याला, नाहीतर दोन महिन्यांनी. म्हणून रविवारी प्रवीण पाणाड्या व्हायचा. पांढरा सदरा घालायचा, पिशवीत नारळ टाकायचा आणि ज्याला बोअर घ्यायची असेल त्याच्या रानात जाऊन पाण्याची जागा दाखवायचा.

ही विद्या त्याला कुठल्या गुरूनं दिली नव्हती. लग्नाआधी दोन वर्षं तो भूजल सर्वेक्षणाच्या एका ठेकेदाराकडे यंत्र उचलायला होता. सळया ठोकायच्या, वायरी ओढायच्या आणि साहेब लोक काय बोलतात ते कान देऊन ऐकायचं. काळा पाषाण कुठं फुटलेला असतो, जुना ओढा जमिनीखालून कुठं वळलेला असतो, उघड्या माळावर एकटाच उंबर का तगतो, हे त्याला तिथं कळलं. पुढं गावात कुणी विचारलं तर तो हे सगळं समजावून सांगायचा. लोक मान डोलवायचे, "बघू" म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी नारळवाल्याला बोलवायचे. मग एकदा वैतागून त्यानंच तळहातावर आडवा नारळ ठेवला आणि मनात हेरलेल्या जागेवर पोचल्यावर मनगट किंचित कलतं करून, अंगठ्याच्या मुळानं दाबून तो उभा केला. बांधावरची सगळी माणसं गप झाली. त्या दिवसापासून त्याला रविवारी सवड मिळेना.

घरात हे एकाच माणसाला खपत नव्हतं. त्याची आई भामाबाई.

"बावीस प्रतिज्ञा तुज्या बापानं तुला तोंडपाठ करून घेतल्या," ती म्हणायची. "त्ये असते तर नारळ तुज्या टाळक्यात फोडला असता."

"आई, मी कुठं मानतो? लोकांना नारळ लागतो, मला त्यांची जमीन दिसते. पाणी तर लागतं ना?"

"खोट्यानं खरं दाखवू नये, बाबा. सवय लागती."

बायको रश्मी दोघांच्या मध्ये पडायची नाही. ती फक्त प्रवीण परत आला की पिशवीतला नारळ काढून घ्यायची आणि चटणीला वापरायची. तिच्या लेखी नारळ म्हणजे नारळ.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आप्पासाहेबांची जीप दारात आली. श्रीगोंद्याच्या वरच्या अंगाला, माळावर त्यांची वस्ती. खाली नदीकाठाला ऊस, पण माळावरच्या रानात कांदा होता आणि दोन बोअर उन्हाळ्याच्या तोंडावरच आटल्या होत्या. आप्पासाहेब चाळिशी ओलांडलेला, बोलायला मोकळा गडी.

"घोडके सर, तुमच्या हाताला यश हाय म्हनत्यात. आमच्या वस्तीला येक जागा दावा, बास."

कॉलेजात काम करतो म्हणून त्याला सगळेच सर म्हणायचे. प्रवीणनंही ते कधी दुरुस्त केलं नव्हतं.

दुपारचे बारा वाजले असतील. वस्तीवर पत्र्याची पडवी असलेलं पक्कं घर, पुढं गोठा. पडवीत आप्पासाहेबांची आई बनुबाई लसूण सोलत बसली होती. प्रवीणनं हात जोडले. म्हातारीनं मान हलवली, पण तिची नजर त्याच्या हातातल्या पिशवीवर खिळली.

रान पाहताच प्रवीणनं जागा ठरवली. पूर्वेच्या बांधाशी उंबर होता आणि त्याच्या खालच्या बाजूला जमीन हलकीशी दबलेली होती. तिथंच. आता पश्चिमेकडून नारळ घेऊन सावकाश चालत यायचं, मध्ये दोनदा थांबायचं, शंका आल्यासारखं करायचं आणि उंबराखाली नारळ उभा करायचा. रानाच्या मधोमध एका ठिकाणी कांद्याची पात जास्त हिरवी, जास्त दाट होती, हेही त्यानं पाहिलं. हिरवा भाग गोल होता, कुणी परकारानं आखल्यासारखा. इथं कधीतरी भर घातली असणार, माती पोकळ असणार, एवढंच त्याच्या मनात आलं.

तो चालू लागला. मागून आप्पासाहेब, चार पावलं सोडून.

त्या हिरव्या गोलात त्याचा पाय पडला आणि तळहातावरचा नारळ उभा राहिला.

प्रवीणचं मनगट सरळ होतं. अंगठा बाजूला होता. त्यानं काहीही केलं नव्हतं. नारळ शेंडी वर करून ताठ उभा होता आणि एकाएकी जड झाला होता, भरल्या बादलीसारखा. आणि मग त्याच्या तळव्याला आतून ठोका बसला. करवंटीच्या आतून कुणीतरी बोटाच्या पेरानं वाजवावं तसा.

ठक. ठक. ठक.

मग शांत. दोन श्वास जातील एवढा वेळ. पुन्हा तीन.

त्याच्या हातून नारळ सुटला.

"काय झालं? लागलं का पानी?" आप्पासाहेब धावत पुढं आले.

"न्हाई," प्रवीण म्हणाला. "इथं न्हाई. इथं काय न्हाई."

त्यानं नारळ उचलला. आता तो साधा नारळ होता. हातात धरून तो जवळजवळ पळतच उंबरापाशी गेला, सवयीनं मनगट कलतं केलं, जागेवर दगड ठेवून घेतला. परत येताना त्यानं पडवीकडे पाहिलं. बनुबाई उठून उभी होती. मांडीवरचा लसूण खाली सांडला होता. ती प्रवीणकडे पाहत नव्हती, रानातल्या त्या गोलाकडे पाहत होती.

चहा घेताना ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "तू त्या तिथं थांबला हुतास. का रं?"

"पाय अडकला, मावशी."

"व्हय?" एवढंच बोलून ती आत गेली.

उंबराखाली बोअर झाली, पाणी चांगलं लागलं. आप्पासाहेबांनी पेढे पाठवले. प्रवीणनं स्वतःची समजूत काढली. कॉलेजातले फिजिक्सचे सर एकदा पोरांना सांगत होते की माणसाच्या मनाला जे ठाऊक नसतं ते हाताला ठाऊक असतं, हात नकळत हलतो. आपण तो हिरवा गोल पाहिला होता, मनानं काहीतरी ताडलं, हातानं नारळ उभा केला. उन्हात डोकं चढलं, कानात नाडी वाजली. झालं.

तो नारळ रश्मीनं फोडला. फोडताना ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, हा कुठला आणला? ह्यात थेंबभर पाणी नाही. खोबरं बघा किती ताजं आहे, आणि आत खडखडीत कोरडा."

प्रवीणनं त्या दिवशी चटणी खाल्ली नाही.

पुढच्या रविवारी तो काष्टीच्या खालच्या अंगाला, घोड नदीजवळच्या एका रानात गेला. नवा नारळ बाजारातून स्वतः निवडून घेतला होता, कानाशी हलवून, पाणी वाजतंय ना ते बघून. रानात तळहातावर ठेवला. मनात हेरलेल्या जागेवर मनगट कलतं केलं. नारळ उठला नाही. तो आडवाच राहिला आणि तळहातावर सावकाश फिरला. शेंडी वळून एका दिशेला थांबली. प्रवीणनं तोंड फिरवलं, दुसरीकडे चालून पाहिलं. शेंडी पुन्हा त्याच दिशेला. आणि तळव्याला, अगदी मंद, लांबून आल्यासारखे, तीन ठोके.

"आज जमत न्हाई," तो शेतकऱ्याला म्हणाला. "अंग बरं न्हाई."

त्यानंतरच्या रविवारी श्रीगोंद्याच्या पूर्वेला एका द्राक्षबागेत तेच झालं. शेंडी तिथं वेगळ्या दिशेला वळली, पण वळली आणि अडून बसली. तिसऱ्या वेळी पारनेर तालुक्याच्या हद्दीवर. या वेळी प्रवीणनं प्रयोगशाळेतलं होकायंत्र खिशात घेतलं होतं. आधीच्या दोन्ही रानांतही तो मधल्या दिवसांत एकटा जाऊन आला होता, नारळ आणि होकायंत्र घेऊन, आणि अंश एका चिठ्ठीवर टिपून ठेवले होते.

सोमवारी मधल्या सुट्टीत त्यानं भूगोलाच्या खोलीतला तालुक्याचा नकाशा टेबलावर पसरला. तीन ठिकाणी पेन्सिलीनं टिंब दिलं आणि प्रत्येक टिंबातून पट्टीनं रेघ ओढली. बाहेर पोरं दंगा करत होती, कुणीतरी व्हरांड्यात चेंडू आपटत होतं. पहिल्या दोन रेघा श्रीगोंद्याच्या वरच्या माळावर एकमेकींना छेदून गेल्या. तिसरी रेघ ओढताना त्याचा हात थांबला. ती कुठं जाणार हे त्याला कळून चुकलं होतं. तरी त्यानं ती ओढली. ती त्याच छेदातून गेली.

शिकलेला माणूस भीतीला नाव देऊ शकतो, पण भीती काही त्यामुळं कमी होत नाही. तो नकाशाची घडी घालायला गेला आणि त्याला दिसलं, ती तीन रेघांची गाठ पेन्सिलीच्या टोकानं आरपार फाटली होती.

शनिवारी काष्टीचा बाजार. आप्पासाहेब बाजाराला बैल घेऊन जाणार, हे त्याला माहीत होतं. त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली, मोटरसायकल काढली आणि दुपारी बाराच्या सुमाराला वस्तीवर पोचला. मोटरसायकल बंद केली तर सगळा माळ निपचित. गोठ्यातल्या म्हशी कान हलवत नव्हत्या. बनुबाई पडवीत बसली होती, आज हातात काही काम नव्हतं.

"आलास," ती म्हणाली. "मला वाटलंच तू येनार. बस."

प्रवीण बसला. आडवळण न घेता त्यानं विचारलं, "मावशी, त्या कांद्याच्या मधी काय हाय?"

म्हातारीनं उलटाच प्रश्न केला. "तुला किती आलं? ठोकं."

त्यानं तोंडानं काही सांगितलं नव्हतं.

"तीन," तो म्हणाला. "थांबून थांबून तीन."

"व्हय. तीनच." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मला वाटायचं मीच येडी झाली. येकवीस वर्सं ऐकत्ये. दुपार झाली का सुरू हुत्यात. आज दुसऱ्या कुनाला ऐकू आलं."

मग तिनं सांगितलं. मध्येच थांबत, मध्येच रानाकडे पाहत, पण एकदाही डोळ्याला पदर न लावता सांगितलं.

दुष्काळाचं साल होतं. माळावर विहीर खणायला काढली होती. वर यारी लावली होती. विहिरीतला दगड आणि मुरूम उचलायचं ते लोखंडी यंत्र, त्याला दोराला बांधलेली मोठी बादली. खाली चार गडी. त्यातला अंगद म्हणून एक जण साखर कारखान्यावर हंगामी कामाला होता. गाळप बंद झालं की चार महिने रिकामे, म्हणून विहिरीच्या कामाला यायचा. हसरा गडी होता. येता-जाता बनुबाईकडून ताक मागून घ्यायचा. खालच्या माणसानं बादली भरली की हातोडीनं तिच्यावर तीन ठोके मारायचे. त्याचा अर्थ, वर ओढा.

एके दिवशी बाकीचे तिघं जेवायला वर आले. अंगद म्हणाला, एवढा दगड फोडतो आणि येतो. ते भाकरीवर बसले आणि विहिरीची एक बाजू सगळी आत आली. धुरळा खाली बसायला वेळ लागला. सगळ्यांना वाटलं, गेला. आणि मग खालून आवाज आला. लोखंडावर हातोडी. तीन ठोके.

"वर ओढा म्हनत हुता," बनुबाई म्हणाली. "पन दोर दरडीखाली गेल्ता. वरची बाजू सारखी सुटत हुती. मुकादम म्हनला, आता कुनी उतरंल तो बी जाईल. आमचं मालक घाबरलं. पोलीस येत्याल, जमीन जाईल. मुकादमानं त्या तिघास्नी सांजच्याला गाडीत घातलं आन् न्हेलं. मालक म्हनलं, सकाळपोतर आवाज बंद हुईल."

"झाला?"

"न्हाई."

पत्र्यावर ऊन कडकड वाजत होतं. प्रवीण नकळत त्या प्रत्येक आवाजाला दचकत होता.

"आप्पा तवा श्रीगोंद्याला इंजिन दुरुस्तीला गेल्ता. इशीचा हुता. दुसऱ्या दिवशी दुपारी आला. मालक त्याला म्हनलं, हीर ढासळली, मानसं गेली निघून, कुनाचं जनावर पडाया नगं, ट्रॅक्टरनं मुरूम लोटून बुजव. त्यानं बुजवली. ट्रॅक्टरच्या आवाजात त्याला काय ऐकाया येनार? मी काठावर हुभी हुती. मला ऐकू येत हुतं. पयली खेप पडली तवा बी. दुसरी पडली तवा बी. मी ट्रॅक्टरला आडवी गेली असती तर पोरगा थांबला असता. मी न्हाई गेली."

समोर बसलेली ही बाई म्हणजे कुणी राक्षसीण नव्हती. त्याच्या आईसारखेच हात, तशीच बिनबांगड्यांची मनगटं.

"त्याची बायको दोनदा आली," बनुबाई म्हणाली. "दगडाबाई तिचं नाव. राळेगणसिद्धीच्या पल्याडची. मालकानं सांगितलं, पैसं घिऊन गेला निघून, आमाला काय ठावं. दुसऱ्यांदा आली तवा तिला मी ताक दिलं. तिनं पिलं न्हाई. माज्या तोंडाकडं बघत बसली."

"आप्पासाहेबांना सांगा, मावशी."

"त्यानं सोताच्या हातानं मुरूम लोटला. त्याला कसं सांगू?" मग पहिल्यांदाच तिनं प्रवीणच्या डोळ्याला डोळा दिला. "मी मरून गेली का कुनाला ऐकू येनार न्हाई, ह्याच भ्यानं मी मरत न्हाई. तू पानाड्या हायस. तूच सांग त्याला, तिथं पानी हाय म्हनून. तुज्यावर त्याचा इस्वास हाय."

प्रवीण घरी आला. आईचं बोलणं त्याला आठवलं, आणि पहिल्यांदाच त्याला वाटलं की तिला सगळं सांगावं. त्यानं सांगितलं. भामाबाईनं मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाली, "नारळाचं काय त्ये मला कळत न्हाई आन् मी मानीत न्हाई. पन मानूस खाली हाय ह्ये म्हातारीनं तोंडानं सांगितलंय. त्याला नारळाची साक्ष कशाला लागती? सरळ जाऊन सांग."

"आप्पासाहेब ऐकून घेतील?"

"न घितलं तर पोलिसात जा. पन आदी त्याला सांग. त्याचा बी हात लागलाय, त्याला ठावं नसताना."

रविवारी प्रवीण गेला, पिशवी न घेता. आप्पासाहेब रानात कांद्याला पाणी देत होते. प्रवीणनं त्यांना बांधावर बसवलं आणि सांगितलं. आप्पासाहेब आधी हसले. मग उठले. मग प्रवीणची गचांडी धरली.

"कोन सांगतं तुला ह्ये? कुनाचं ऐकून माज्या मेल्या बापाचं नाव घितोस?"

"माजं ऐकून," मागून आवाज आला. बनुबाई कधी रानात आली होती दोघांना कळलं नव्हतं. चप्पल न घालता, कांद्याच्या सऱ्या तुडवत ती त्या हिरव्या गोलाच्या मधोमध जाऊन उभी राहिली होती. "खोद, आप्पा. मी हाय तवर खोद."

आप्पासाहेबांचा हात गळून पडला.

पोकलेन मशीन दुसऱ्या दिवशी आलं. पोलिसांनाही आप्पासाहेबांनी स्वतःच कळवलं. ती गोष्ट प्रवीण पुढं अनेकांना सांगत असे, कारण लोक आप्पासाहेबांबद्दल भलतंच बोलत. दोन दिवस भर निघत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी खाली बादली दिसली. पालथी, चेपलेली. तिथून पुढं माणसांनी हातानं उकरलं.

अंगद दरडीखाली चिरडला गेला नव्हता. विहिरीच्या एका अंगाला पाषाणात कपार होती. त्या कपारीत तो बसलेल्या अवस्थेत होता, गुडघे छातीशी घेतलेले. बादली त्यानं ओढून कपारीच्या तोंडाशी लावली होती. हातोडी मांडीत होती. बादलीचा तळ एका जागी आत गेला होता, हाताच्या तळव्याएवढा भाग पत्र्यासारखा पातळ झाला होता. एका-दोन दिवसांच्या ठोक्यांनी लोखंड एवढं झिजत नाही. पंचनामा लिहिणाऱ्या हवालदारानं त्यावर दोनदा बोट फिरवून पाहिलं आणि मग कागदावर फक्त "बादली, एक, खराब" असं लिहिलं.

आप्पासाहेब काठावर उकिडवे बसले होते. ते एकच वाक्य बोलत होते. "ट्रॅक्टर बंद केला असता तर. जरा येळ बंद केला असता तर."

दगडाबाईला आणायला प्रवीण आणि आप्पासाहेब गेले. राळेगणसिद्धीच्या पुढं आठ-दहा किलोमीटरवर तिचं घर. दूध घालून ती नुकतीच परतली होती, किटली अजून हातात होती. कपाळाला कुंकू होतं. जीप थांबली तशी ती दारात आली आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "सापडला व्हय?"

दोघांनी खाली मान घातली.

"तुमाला कसं कळलं?" प्रवीणनं विचारलं.

"कळतंय कशाचं? येकवीस वर्सं झाली. दारात कुनाची बी गाडी थांबली का मी ह्येच इचारत्ये. आज तुमी खाली मान घातली."

वस्तीवर आल्यावर तिनं आधी कपार पाहिली. काठावरूनच, कारण पोलिसांनी खाली उतरू दिलं नाही. मग पांढऱ्या कापडात बांधलेलं गाठोडं पाहिलं. रडली नाही. वळून जमलेल्या माणसांवर तिनं नजर फिरवली आणि विचारलं, "त्याचा आवाज कुनी ऐकला?"

आप्पासाहेब पुढं व्हायला गेले, पण पडवीतून बनुबाई उठली.

"मी," ती म्हणाली.

"किती येळ?"

"दुसऱ्या दिवशी मुरूम पडस्तोवर. आन् मग..." बनुबाईनं रानाकडे पाहिलं. "आन् मग परवापोतर."

दगडाबाई तिच्याकडे जाऊन उभी राहिली. प्रवीणला वाटलं, ही आता हात उगारणार. तिनं हात उगारला नाही. ती म्हणाली, "मग मला सांग. मधलं काय गाळू नगंस. मी घरी हुती, मला कायबी ऐकू आलं न्हाई. तू ऐकलंस. सगळं सांग."

त्या दोघी बायका उन्हं कलंपर्यंत पडवीत बसल्या होत्या. जवळ कुणी गेलं नाही. निघताना दगडाबाईचं कपाळ पुसलेलं होतं. बनुबाईनं दिलेला ताकाचा तांब्या तिनं तसाच ठेवला होता, भरलेला.

बनुबाईचा जबाब पोलिसांनी लिहून घेतला. तिचा नवरा मरून बारा वर्षं झाली होती, मुकादमाचा पत्ता लागला नाही. केस चालू आहे. आप्पासाहेबांनी दगडाबाईच्या नावावर माळावरची दोन एकर करून द्यायची तयारी दाखवली. तिनं कागदावर अंगठा दिला नाही. "ह्या रानातलं मला काय उगवून खायाचं न्हाई," म्हणाली.

प्रवीणनं पाणाड्याचं काम सोडलं नाही, पण नारळ सोडला. आता तो पाहतो, चालतो, जमिनीला हात लावतो आणि सांगतो. पहिल्यापेक्षा कमी लोक बोलावतात. त्यातून भागत नाही, म्हणून रश्मीनं शिलाई मशीन घेतलं आहे आणि भामाबाई काजं-बटणं करून देते.

मे महिन्यात एकदा भर दुपारी आप्पासाहेबांचा फोन आला. विहिरीला झरे लागले होते, पंधरा फूट पाणी होतं, पण कुणी त्याला मोटर लावत नव्हतं. त्यांचं बोलणं मात्र पाण्याबद्दल नव्हतं.

"सर, आई दुपार झाली का हिरीच्या काठावर जाऊन बसती. कान लावती. मी म्हनलं, आई, आता काय राह्यलंय? तर म्हनती, कायबी येत न्हाई, आप्पा. येवढं गप मला कधी वाटलं न्हाई. जेवत न्हाई. उटवली तर म्हनती, थांब, आता येईल. तुमी येकदा येऊन तिला सांगता का, की सगळं संपलं म्हनून?"

प्रवीण गेला. माळावर वारा नव्हता. काठावर पाठमोरी बनुबाई बसली होती, मान एका अंगाला कललेली. तो तिच्या शेजारी जाऊन बसला आणि बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला गप केलं. मग तोही ऐकत बसला. ऊन उतरेपर्यंत दोघं तिथं बसून होते.